परवाना न लागणारी बेल

पळसखोरीच्या काकड भावांची वाटणी इतकी चोख झाली होती की पुढे गावात कुणाची वाटणी निघाली की लोक म्हणायचे, "काकडासारखी करा." शेत मोजून घेतलं, विहिरीचं पाणी दिवसाआड ठरलं, मधल्या खोलीत भिंत आली आणि पुढच्या ओट्यावर मधोमध विटांची एक ओळ आली. भिंतीवरचं घड्याळ मात्र एकच होतं आणि ते कापता येईना, म्हणून ते शाळेला देऊन टाकलं. त्यामुळे दोघं भाऊ एकाच दिवशी दानशूरही ठरले.

राहिली माय. अन्नपूर्णाबाईंची वाटणी महिन्याच्या पाळीनं करायचं ठरलं. मराठी महिने धरावेत तर अधिक महिना कुणाच्या माथी, हा पेच पडला, म्हणून इंग्रजी महिने धरले. पहिला, तिसरा, पाचवा असे थोरल्या कडूबाचे. दुसरा, चौथा, सहावा असे धाकट्या जीवनचे. यात फेब्रुवारी कायमचा जीवनच्या वाट्याला आला, आणि फेब्रुवारी लहान असतो हे कडूबाच्या पहिल्याच वर्षी ध्यानात आलं. "त्यानं सगळं पाहूनच घेतलं," तो चारचौघांत म्हणाला. कॅलेंडर आपण बनवलेलं नाही, एवढंच जीवनला सांगायचं होतं. पण तोवर दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

महिन्याच्या एक तारखेला गल्लीतली चार माणसं येत आणि म्हातारीची खाट उचलून या दारातून त्या दारात नेत. खाट ओट्यावरून जायची तेवढ्याच वेळात तिला आभाळ दिसायचं. कारण गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय सरकून तिचं खुब्याचं हाड मोडलं, जालन्याला ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती खाटेवर होती. डॉक्टरांनी दोन्ही भावांना समोर उभं करून सांगितलं होतं, "रोज उन्हात बसवा. पण उचलताना दोन माणसं पाहिजेत. एकानं बगलेत हात घालायचे, एकानं पाय धरायचे. एकट्यानं ओढाल तर परत माझ्याकडेच याल."

दोघांनी मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आलं की उन्हाच्या वेळेला दोन माणसं कुणाच्याच घरात नसतात. कडूबा शेतात, त्याचा मुलगा ऋत्विक शिकायला बाहेरगावी, घरात एकटी बायको जनकाबाई आणि तिची धरलेली कंबर. इकडे जीवनची बायको सारिका अंगणवाडीत कामाला आणि जीवन एकटा घरालाच लागून असलेल्या गिरणीवर. दोन्ही घरं मिळवली असती तर माणसं पुरत होती. पण वाटणीत भागाकार असतो, बेरीज नसते. म्हातारी खाटेवरच राहिली आणि ऊन ओट्यावर.

काही लागलं की ती खाटेच्या लोखंडी दांडीवर स्टीलचा पेला वाजवायची. नोव्हेंबरात, आपल्या पाळीत, कडूबानं दुसरबीडच्या हैदरच्या दुकानातून बिनतारी बेल आणली. एक बटण म्हातारीच्या उशाशी ठेवायचं, एक डबी स्वयंपाकघरातल्या प्लगात खोचायची. बटण दाबलं की डबीतून कोकिळा ओरडायची. महिना संपला तशी जनकाबाईनं डबीला हळदकुंकू लावलं, बटणासकट फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवून दिलं. माय धाकट्याकडं गेली, बेल थोरल्याकडं राहिली. मालमत्ता ती मालमत्ता.

मग जीवन दुसरबीडला गेला. निघताना सारिकानं बजावलं होतं, "तीच आना. त्याईच्याहून लहान नको अन् मोठी बी नको. उद्या बोलनं नको."

हैदर या भागातल्या वाटण्या ओळखून होता. एका भावानं पंखा नेला की दुसऱ्यासाठी तसलाच पंखा तो बाजूला काढून ठेवत असे. त्यानं फळीवरचा तोच खोका पुढे ओढला. "कडूभाऊनं याच खोक्यातून नेली. रंग बी तोच. कंपनी बी तीच. घेऊन जा, घरात शांतता राहीन."

डिसेंबर शांततेत गेला. एक जानेवारीला खाट ओट्यावरून पलीकडे गेली. जनकाबाईनं पेटीतली बेल काढून प्लगात खोचली. जीवनची बेल मात्र गिरणीच्या खोलीत प्लगातच राहिली, कारण आवराआवर हा जीवनचा गुण नव्हता. त्याचं बटण टेबलाच्या खणात पडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ज्वारीचं दळण चालू असताना गिरणीत कोकिळा ओरडली.

"जीवनभाऊ, तुही बेल वाजून राह्यली," दळण घेऊन आलेली बाई म्हणाली.

जीवननं खण उघडून पाहिला. बटण जागेवर होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. कोकिळा पुन्हा ओरडली. थोड्या वेळानं पुन्हा.

संध्याकाळी सारिकाला कळलं, तेव्हा तिनं निदान करायला फार वेळ घेतला नाही. "मुद्दाम करून राह्यले. काहीतरी बसवलं त्याईनं. काढा ते प्लगातून."

जीवननं डबी काढली. दुसऱ्या दिवशी गिरणी चालू होती, पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, आणि त्याचं लक्ष सारखं त्या रिकाम्या प्लगाकडे जात होतं. दुपारी त्यानं डबी परत खोचली. "आपल्या पैशाची वस्तू, आपन काऊन बंद ठेवावं?" असं त्यानं सारिकाला सांगितलं, आणि हे कारण तिला लगेच पटलं. खरं कारण वेगळं होतं. बेल कुणाच्या खोडीनं वाजत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. खोडी काढणारा माणूस असा थांबून थांबून, थकल्यासारखं बटण दाबत नाही. ती माय होती. ती एकदा दाबायची, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा. कधी लागोपाठ वाजत राहायची आणि मग एकदम थांबायची. कुणी तिच्याकडे गेलं म्हणून थांबली, की तिनं नाद सोडला म्हणून, हे कोकिळेच्या आवाजावरून कळत नव्हतं.

आणि जाता तर येत नव्हतं. जानेवारी कडूबाचा होता.

आता गिरणीवाल्याच्या हाताला एक खोड असते. दळणाची पायली ओतली की भिंतीवर खडूची एक रेघ. वर्षानुवर्षं हात आपोआप उठतो. कोकिळा ओरडली की जीवनचा हात तसाच उठू लागला. चार-पाच दिवसांत दरवाजामागच्या भिंतीवर रेघांचा एक वेगळाच पट्टा तयार झाला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे कोनाचं दळन हो, एवढं मोठं?" जीवन पट्टा सारखा करायला वळला, म्हणून गावानं स्वतःच उत्तर शोधलं आणि दोन दिवसांत कडूबाच्या कानावर घातलं, "तुहा भाऊ तुह्या घरच्या बेला मोजते. माय कितीदा हाका मारते अन् तुम्ही कितीदा जाता, सगळं भिंतीवर लिहून ठेवेल हाय."

कडूबाला झोंबलं. जनकाबाई दिवसभर एकटी राबत होती, तिला चुलीवरचं सोडून प्रत्येक वेळी धावता येत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. पण आपल्याला माहीत असणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर असणं वेगळं. त्यानं बीट जमादाराकडे तक्रार दिली. भावानं बेकायदा वायरलेस यंत्र बसवून माझ्या घरातल्या हालचालींवर पाळत ठेवली आहे, असा मजकूर. हे कळताच सारिकानं जीवनकडून उलट तक्रार देवविली. भाऊ वायरलेसद्वारे माझ्या धंद्यात व्यत्यय आणतो.

जमादार मोटारसायकलवर आला. ओट्यावरच्या विटांच्या ओळीवर उभा राहिला, म्हणजे कुणाची बाजू घेतली असं व्हायला नको. त्यानं दोन्ही डब्या पाहिल्या. एरवी तो दोघांना दोन शिव्या देऊन गेला असता. पण दोन्ही अर्जांत 'वायरलेस' असा शब्द होता, आणि वायरलेस हा शब्द कागदावर आला की पोलिसाला झोप लागत नाही.

"हे पाहा," तो म्हणाला, "हे यंत्र सरकारमान्य हाय का नाही, त्याचा कागद आना. बाजाराच्या दिवशी मी परत येतो. कागद असला तं ठीक. नाहीतं दोन्ही डब्या जमा. मंग म्हातारीनं हाका कशा मारायच्या ते तुमचं तुम्ही पाहा."

"पेला हाय माह्या जवळ," आतून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला.

जीवन अलीकडे उभा राहून ऐकत होता. पेल्याचा आवाज भिंतीपलीकडे येत नव्हता. नोव्हेंबराच्या आधी ती किती वेळा पेला वाजवत असेल, याच्या रेघा कुठल्याच भिंतीवर नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबी पिशवीत घालून दुसरबीडला गेला. तिथं रुपालीचं सेवा केंद्र होतं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, लाडक्या-दोडक्या सगळ्या योजना, जे काही सरकारच्या पोटातून बाहेर काढायचं असेल ते रुपाली काढून द्यायची. तो पोचला तेव्हा बाकाच्या एका टोकाला कडूबा बसला होता. त्याच्या मांडीवरही पिशवी होती. जीवन दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सुटली. ती आपोआप सुटली. सवय होती.

"बोला काका," रुपाली म्हणाली. आता काका दोन होते, म्हणून दोघंही बोलले नाहीत.

शेवटी कडूबानं घसा साफ केला. "ताई, या यंत्राचा सरकारी कागद पाह्यजे. अन् त्याले विचार, तो काऊन आला?"

"कोनाले?"

"तो. बसेल हाय तो."

"काका, ते हितंच हायेत. तुम्हीच विचारा."

"नाई, तू विचार. तू सरकारी मानूस हायस."

"मी कायची सरकारी? माह्या पाटीवर सरकार लिहेल हाय, एवढंच." तिनं खुर्ची वळवली. "जीवनकाका, तुमचं काय?"

"त्याचं जे काम हाय तेच," जीवन म्हणाला. "अन् त्याले सांग, तक्रार त्यानं पयले देल्ली."

"ऐकलं त्याईनं," रुपाली म्हणाली. "डब्या आना इकडं."

केंद्र सरकारनं बिनतारी यंत्रांची नोंद ठेवलेली असते आणि ती कुणालाही पाहता येते, असं रुपालीला ऐकून माहीत होतं. कुणालाही पाहता येण्यासाठी काय करावं लागतं, हे मात्र पाहिल्याशिवाय कळत नाही. पोर्टल उघडलं. पोर्टलनं आधी वेडीवाकडी अक्षरं दाखवून विचारलं, की तुम्ही माणूस आहात ना. रुपालीनं दोनदा ते सिद्ध केलं, दोन्ही वेळा सरकारला पटलं नाही. तिसऱ्यांदा पटलं. मग यंत्राचा प्रकार विचारला. यादीत उपग्रहापासून विमानतळावरच्या रडारपर्यंत सगळं होतं. दाराची बेल नव्हती.

"उपग्रह नाई ना हे?" तिनं विचारलं.

"हैदरनं काही सांगतलं नाई तसं," कडूबा गंभीरपणे म्हणाला.

मग तिनं कंपनीचं नाव घालून पाहिलं. सुस्वर. त्या नावाखाली मोटारीचं कुलूप निघालं, लहान मुलांची रिमोटची गाडी निघाली, कानाचं मशीन निघालं. बेलही निघाल्या, पण त्या पुष्कळ होत्या आणि प्रत्येकीचा नंबर वेगळा होता. "असं नाई भागनार," ती म्हणाली. "मागचा मॉडेल नंबर पाह्यजे. पूर्ण."

नंबर डबीच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो. कडूबाच्या डबीवर जनकाबाईनं लावलेलं हळदकुंकू बरोबर त्या चिठ्ठीच्या उजव्या अर्ध्यावर वाळून घट्ट बसलं होतं. रुपालीनं नखानं खरवडलं तर कुंकवाबरोबर अक्षरंही निघाली.

"हळदकुंकू काऊन लावलं हो?"

"नवी वस्तू हाय," कडूबा म्हणाला. रुपालीच्या स्वतःच्या प्रिंटरवर स्वस्तिक होतं.

जीवनच्या डबीवर कुंकू नव्हतं, पण गिरणीतलं पीठ आणि तेलकट अंगठा यांनी चिठ्ठीचा डावा अर्धा पुसून टाकला होता. रोज डबी प्लगातून काढू की नको, असं करताना अंगठा तिथंच पडायचा.

रुपालीनं दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या. डावा अर्धा कडूबाच्या डबीवरून वाचला, उजवा अर्धा जीवनच्या. ती वाचत असताना दोघं भाऊ बाकावरून उठून टेबलाशी आले होते आणि मधली दोन माणसांची जागा कुणाच्या लक्षात न येता कमी झाली होती.

"दोन्ही एकच मॉडेल हाय ना पन?" तिनं विचारलं. "नाहीतं हा नंबर कोनाचाच नाई निघनार."

"एकच हाय," कडूबा म्हणाला. "त्यानं माह्यी पाहून घेतली."

"त्याचीच घेतली," जीवन म्हणाला. "डावं-उजवं नको म्हनून घेतली."

नंबर घातला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मग 'तुमची वेळ संपली' असं आलं.

"म्हंजे?" जीवननं विचारलं.

"काही नाई. सरकारची अशीच संपते. परत सुरू करू." पुन्हा वेडीवाकडी अक्षरं आली, पुन्हा माणूस असल्याची परीक्षा झाली, आणि या वेळी नोंद उघडली.

रुपाली वाचत गेली आणि जमेल तसं मराठीत सांगत गेली. दिल्लीकडच्या कुणा आयात करणाऱ्याचं नाव. यंत्राचा प्रकार, कमी पल्ल्याचं बिनतारी उपकरण. त्याच्या लहरी कुठल्या पट्ट्यातल्या. ताकद किती, तर नगण्य. "मान्यता हाय," ती म्हणाली. "परवाना लागत नाई असं बी लिहेल हाय."

दोघांनी एकदमच सुस्कारा टाकला आणि एकदम टाकला म्हणून दोघंही ओशाळले.

"मंग त्याच्या घरात काऊन वाजते, ते लिहेल हाय का?" कडूबानं विचारलं.

"थांबा." सोबत माहितीपत्रकाची पानं जोडलेली होती. ती वाचायला तिला जरा वेळ लागला. "लिहेल हाय. एका बटनावर कितीबी डब्या वाजतात. मोकळ्या जागेत दोन-चार शेतं वलांडून बटनाची हाक जाते. एका खोक्यातल्या डब्याईले त्या खोक्यातली सगळी बटनं कंपनीतूनच ओळखीची राहतात. म्हंजे काका, हे बटन कोन्या एकाले हाक मारतच नाई. जो टापूत हाय, त्यानं आयकाव."

जीवननं आपली डबी उलटी-सुलटी करून पाहिली.

"म्हंजे कोनी काही बसवलं नोतं," जीवन म्हणाला. तो रुपालीकडे पाहून म्हणाला.

"अन् कोनी चोरून बी आयकत नोतं," रुपाली म्हणाली. ती कडूबाकडे पाहून म्हणाली.

कडूबा डबीवरचं उरलेलं कुंकू खरवडत राहिला. "त्याले विचार, मंग रेघा काऊन मारल्या?"

जीवननं तोंड उघडलं. हाताची सवय, असं त्याला सांगायचं होतं. तोंडातून वेगळंच निघालं. "वाजते तं हात उठते. जाता तं येत नाई."

हे कुणाला सांगायचं ते रुपालीला कळलं नाही, म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नाही.

"यात एक इलाज बी देल्ला हाय," पुढचं पान वाचत ती म्हणाली. "डबीच्या बाजूची कळ दाबून धरायची. दिवा लुकलुकला की आपलं बटन दाबायचं. डबी तेवढंच बटन ध्यानात ठेवते, आधीचं इसरते. पन दिवा लुकलुकत असताना पयलं जे बटन दाबलं जाईन, तेच. एकानं केलं तरी भागते."

"मंग त्यानं कराव," कडूबा म्हणाला. "माह्यी बेल आधीची."

"म्या काऊन? माह्यात खोट नाई. सरकारनंच लिहून देल्लं."

रुपालीनं दोघांकडे पाहिलं. तिनं थोरामोठ्यांची भांडणं पुष्कळ पाहिली होती. "दोघाईनं करा," ती म्हणाली. "घरी जाऊन, आपापल्या डबीवर." कडूबानं आपल्या डबीला आपलंच बटण पुन्हा शिकवायचं, म्हणजे खरं तर काहीच करायचं नाही, हे तिनं सांगितलं नाही. नोंदीचे दोन कागद छापले, दोन्हीवर सारखेच शिक्के मारले आणि दोघांना दिले. कागदाची एक प्रत कमी निघाली असती तर काय झालं असतं, हा विचार तिनं केलाच नाही.

दोघं एकाच काळीपिवळीनं पळसखोरीला परतले. एक ड्रायव्हरजवळ बसला, एक मागं.

घरी आले तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. संक्रांतीचे दिवस, बायका हळदीकुंकवाला गेलेल्या. सारिका आणि जनकाबाई यांची बोलाचाली नव्हती, पण वाण लुटायला दोघी एकाच घरी जात.

जीवन गिरणीत गेला. त्यानं डबी प्लगात खोचली, खणातून आपलं बटण काढलं, डबीच्या बाजूची कळ दाबून धरली. दिवा लुकलुकू लागला. आता फक्त हातातलं बटण दाबायचं. एक अंगठा, आणि मग ही डबी मायचं बटण विसरणार. जमादाराचा प्रश्न मिटणार, सारिकाचा मिटणार, कडूबाचा मिटणार. भिंतीवर नवी रेघ उठणार नाही. फेब्रुवारी लागेपर्यंत, तोही लहान का होईना, माय भिंतीपलीकडे काय करते ते त्याला कळणार नाही. कळत नव्हतं तेव्हा तो नीट झोपायचा, हेही खरं होतं.

अंगठा बटणावर होता. दिवा लुकलुकत होता. तो दाबत नव्हता.

कोकिळा ओरडली.

दिवा स्थिर झाला. डबीनं पहिलं बटण ध्यानात ठेवलं होतं, आणि ते पलीकडच्या उशाशी होतं.

पुन्हा कळ दाबून सगळं करता आलं असतं. सरकारनं तशी मनाई केलेली नव्हती. पण कोकिळा परत ओरडली, आणि मग लागोपाठ. जनकाबाई घरात नाही, हे जीवनला माहीत होतं. कडूबा आपल्या डबीवर वाकून बसला असेल, हेही. जीवननं हातातलं बटण खणात टाकलं आणि चपला न घालताच ओट्यावर आला. विटांच्या ओळीपाशी त्याचा पाय क्षणभर अडखळला. वाटणीनंतर ती त्यानं ओलांडली नव्हती. मायची खाट जायची तेव्हाही तो अलीकडेच उभा राहायचा आणि कडूबा पलीकडे.

आत कडूबा खाटेवर वाकला होता. त्यानं मायच्या बगलेत हात घातले होते आणि तो एकट्यानं तिला वर ओढायला बघत होता. म्हातारीचा एक हात त्याच्या गळ्यात, दुसऱ्या हातात घट्ट आवळलेलं बटण. दाराशी सावली पडली तसं कडूबानं वर पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, घामेजला होता.

जीवनला वाटलं, आता विचारेल, तू काऊन आला? आणि विचारायला मध्ये रुपालीही नव्हती.

"पाय धर बे," कडूबा म्हणाला. "पाहून काय राह्यला? पाय धर."

जीवननं पाय धरले. माय किती हलकी झाली होती, हे त्याला डिसेंबरात कळलं नव्हतं. तो एकटा होता तेव्हा त्यानं तिला उचललंच नव्हतं. पाणी द्यायचा, कूस बदलायचा, चादर ओढायचा. उचललं नव्हतं.

"कोठी नेता रे मले?" म्हातारीनं विचारलं. "आज एक तारीख हाय का?"

"नाई," कडूबा म्हणाला. "उनात."

ओट्यावर कडूबाच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची होती. पण ऊन सरकत विटांच्या ओळीपाशी आलं होतं, आणि तेवढाच पट्टा नीट तापलेला होता. दोघांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ओळीच्या वर अशी सरकवली, की दोन पाय इकडे आणि दोन तिकडे आले. म्हातारीनं डोळे मिटले, उघडले, समोरच्या बाभळीकडे पाहिलं.

"माय," जीवननं विचारलं, "तुह्यी बेल दोन्ही घरात वाजते, तुले माहीत होतं का?"

"मले काय माहीत? मले तं ती वाजते का नाई तेच आयकू येत नाई. मी दाबते. कोनी येते, कोनी येत नाई." तिनं खुर्चीच्या हातावर हात दाबला. "हे हालते बाप्पा. पडन मी."

खुर्ची खरंच हलत होती. वाटणीनंतर जीवननं आपल्या अर्ध्या ओट्यावर फरशी बसवली होती, कडूबाचा अर्धा सारवणाचाच होता. नखभर फरक होता. कडूबानं इकडे तिकडे पाहिलं. टेकू म्हणून घालायला लाकडाचा तुकडाही नव्हता. मग त्यानं खिशातून सरकारी नोंदीचा कागद काढला, चौघडी केली, मग अजून एक घडी केली, आणि वाकून आपल्या बाजूच्या मागच्या पायाखाली घातला.

"हाल आता," तो म्हणाला.

म्हातारीनं हालून पाहिलं. "हालते अजून. थोडं."

"जमादाराले मंग काय दाखवायचं?" जीवननं विचारलं.

"खुर्ची दाखवू."

कडूबा तसाच वाकून बसला होता. त्यानं वर न पाहता जीवनच्या खिशाकडे हात केला. जीवननं आपला कागद काढला, घड्या घातल्या आणि त्याच्या हातात दिला.